३८ इंच

दुपारी अडीच वाजता, नवरा झोपलेला बघून, मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि हॉलची फरशी मोजायला बसले. कारण सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. सकाळी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर एकीने विचारलं होतं, "काय गं, लेकीने म्हणे तुम्हाला प्रीमियम इकॉनॉमीने नेलं लंडनला. कसं असतं?" मी "छान असतं" लिहिलं, पुढे एक विमान चिकटवलं आणि मोकळी झाले. पण ते "छान" दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं दुपारपर्यंत जाईना. काय छान असतं? विमानातला साध्या इकॉनॉमीच्या वरचा, बिझनेसच्या खालचा वर्ग, एवढंच ना?

लेकीने तिकीट पाठवताना लिहिलं होतं, "आई, पिच ३८ इंच आहे, आता कुरकुर नको." पिच म्हणजे पुढच्या सीटच्या पाठीपासून आपल्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर. साध्या इकॉनॉमीत ते ३१, फार तर ३२. म्हणजे सगळी भानगड सहा-सात इंचांची. आमच्या वयाच्या बाईला ३८ इंच म्हटलं की आधी ब्लाऊजच आठवतो, आणि सहा इंच म्हणजे किती, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. ३२चा ब्लाऊज ३८चा होईपर्यंत दोन बाळंतपणं आणि एक प्रमोशन होऊन जातं.

तर, डायनिंगची एक खुर्ची भिंतीला लावली, तिच्या पाठीपासून ३८ इंच मोजून पुढे दुसरी ठेवली आणि मागच्या खुर्चीत बसून पाहिलं. ऐसपैस. मग उठून पुढची खुर्ची ३१वर ओढली आणि परत बसले. खरं सांगायचं तर गुडघे तेव्हाही टेकले नाहीत. माझी उंची पाच फूट, तीही सकाळच्या वेळी मोजली तर. फक्त पुढची खुर्ची "मी इथे आहे हं" म्हणाल्यासारखी जवळ वाटली. परत ३८. परत ३१. या सरकासरकीत फरशी करकरली आणि नवरा उठून आला.

"टाइल्स बदलायच्यात का?"

"विमान आहे. पुढे बसा."

बसला. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस फार प्रश्न विचारत नाही. बसल्या बसल्या त्याची मान पुढे कलली आणि पाचव्या मिनिटाला तो घोरायला लागला. मी मागे, हातात टेप, समोर त्याची पुढे झुकलेली मान. एकामागे एक खुर्च्या लावून आम्ही दोघं कुठे निघालो होतो कोण जाणे.

ठाण्यात, चरईतल्या आमच्या चाळीत मे महिन्यात असे पाट लावले जायचे. गॅलरीत, एकामागे एक. एसटी. दादा ड्रायव्हर, हातात कढईचं झाकण. शेजारचा बंड्या कंडक्टर. गळ्यात दप्तराचा पट्टा, हातात चिमटा, आणि जुन्या लग्नपत्रिकांची तिकिटं. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून हाफ तिकीट. आणि हाफ तिकिटाला सीट नाही, हा दादाचा नियम. मग मी दोन पाटांच्या मधल्या जमिनीवर बसायचे आणि कुणीतरी खाली उतरलं की त्याचा पाट मिळेल म्हणून वाट बघायचे. कुणी उतरायचंच नाही. संगमेश्वर येईपर्यंत कोण उतरणार?

दादाचा नियम काही हवेतून आलेला नव्हता. खरी एसटी तशीच असायची. बाबा स्टँडवर गाडी लागण्याआधीच धावत सुटायचे आणि खिडकीतून रुमाल टाकायचे. रुमाल एक, माणसं पाच. आईच्या मांडीवर मी, आईच्या शेजारी ताई, ताईच्या कडेला दादा अर्धा, बाबा उभे. आई सारखी म्हणायची, "अंग चोरून बसा रे, जागा होते." आणि व्हायची! पनवेल जाईपर्यंत त्या बाकावर अजून एक म्हातारी मावलेली असायची. जागा कुठून येते हे मला तेव्हा कळायचं नाही. आपण अंग चोरतो आणि ते कुठेतरी जमा होतं, त्यातून म्हातारीला देतात, असं काहीसं वाटायचं. पुढे हे वाक्य फक्त गाडीपुरतं राहिलं नाही. पंगतीत, लग्नघरातल्या सतरंजीवर, पाहुणे आले की पलंगावर: अंग चोरून बस. दादाला कमी वेळा सांगितलं गेलं, मला जास्त.

त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. ठाणे ते व्हीटी ३३ वर्षं लेडीज सेकंड क्लासने गेले. विंडो, दुसरी, तिसरी, आणि मग चौथी सीट. चौथी सीट कशी असते हे इथे कुणाला सांगणं म्हणजे ठाणेकराला तलावपाळी दाखवण्यासारखं आहे. एक बाजू बाकावर, एक हवेत, उजवा पाय पॅसेजमध्ये रोवलेला, पर्स पोटाशी, कोपर मांडीत. तिसरीवाली जरा सैलावली की आपण दोन बोटं आत. ती खोकली की परत बाहेर. काही बायका मुलुंडला चढून उलट्या ठाण्याला यायच्या, गाडी तीच परत सुटणार म्हणून, आणि आम्ही डब्यात शिरेपर्यंत खिडक्या भरून मेथी निवडत बसलेल्या असायच्या. मला ते कधी जमलं नाही. मी आपली "कुठे उतरणार?" म्हणून विचारायचे आणि "दादर" ऐकलं की लॉटरी लागल्यासारखी उभी राहायचे.

गंमत बघा, ठाण्याची गाडी सुरू झाली तेव्हा असं काही नव्हतं. १६ एप्रिल १८५३ला दुपारी बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली ती १४ डब्यांची, आणि माणसं ४००. परीक्षेत तारीख लिहून लिहून पाठ झाली, भागाकार मात्र मी परवा केला. डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस माणसं! ओढायला तीन इंजिनं, सुटताना २१ तोफांची सलामी. त्यानंतर इतक्या ऐसपैस कुणी ठाण्याला आलं असेल असं मला वाटत नाही.

आजोबा इंटर क्लासबद्दल बोलायचे. फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड अशी तेव्हाची उतरंड. हिंदीवाले इंटरला ड्योढा म्हणत, दीडपट भाड्याचा. सेकंड झेपत नाही आणि थर्डमध्ये ओळखीचं कुणी बघेल याची धास्ती, अशांचा तो डबा. आजोबा आयुष्यात एकदाच इंटरने गेले, स्वतःच्या लग्नाला, आणि त्याच्या गादीचं वर्णन त्यांनी आम्हाला आजीच्या वर्णनापेक्षा जास्त वेळा ऐकवलं. पुढे इंटर गेला. १९७४ साली थर्ड क्लासही गेला, म्हणजे पाटी बदलून सेकंड झाला. बाकं तीच.

तर प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे आजोबांचा इंटर क्लास, असं माझं मत. भाडंसुद्धा दीडपटीला चिकटूनच, सुटीच्या दिवसांत त्याहून वर. १९९२च्या सुमारास तैवानच्या एव्हा एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने विमानात असा मधला डबा काढला. आपल्याकडे विस्तारा या विमान कंपनीने २०१५ साली आणला. आता विस्ताराच एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडियाच्या ए-३५० विमानात एकूण ३१६ जागा, त्यातल्या २८ बिझनेस, २६४ इकॉनॉमी, आणि मध्ये या २४. पुढे एक पडदा, मागे एक पडदा. मध्यमवर्गाला इतकं स्पष्ट कुणी मांडून दाखवलं नसेल. इकॉनॉमीतली माणसं आत येताना आपल्यासमोरूनच जातात, कडेवर पोर, खांद्यावर बॅग. मी पूर्ण वेळ कंबरेचा पट्टा तपासत होते.

आमची दोघांची खिडकीकडची जोडी होती, दोन-चार-दोनमधली पहिली दोन. हे मात्र खरंच छान. याआधी लंडनला गेलो तेव्हा तिघांच्या ओळीत मी मध्ये होते. नवरा खिडकीशी, पलीकडे एक धिप्पाड गृहस्थ, बिचारे सभ्य, पण झोपल्यावर सभ्यता कोपरात राहत नाही. साडेनऊ तास मी दोन्ही हात मांडीत घेऊन बसले, देवळात बसल्यासारखी. यंदा तिसरं माणूसच नाही. गरम टॉवेल आला. चमचे धातूचे. नवऱ्याने काटा हातात तोलून "वजन आहे" म्हटलं, जणू न्यायचाच होता.

पण आमची ओळ सगळ्यांत पुढची. समोर भिंत. लेकीने मुद्दाम निवडलेली, कुणी अंगावर सीट पाडू नये म्हणून. आता पहिल्या ओळीत समोर सीट नसते, त्यामुळे खाली पर्स ठेवायला जागा नाही. विमान उडेपर्यंत ती वर. जेवायचं टेबल सीटच्या हातातून निघतं, म्हणून तो हात जाडजूड आणि पक्का, उचलता येत नाही. बटण दाबलं की पोटऱ्यांना आधार द्यायला खालून एक फळी वर येते. ती बांधली आहे कुणा सहाफुटी माणसाच्या मापाने. माझ्या पोटऱ्यांऐवजी टाचा तिच्यावर आल्या आणि पाय हवेत, पाळण्यातल्या पोरासारखे. शाळेत बाकावर पाय पोचायचे नाहीत तेव्हा शिपाईमामांनी खाली वीट दिली होती. इथे वीट कुणाकडे मागायची? उशी घेतली पायाखाली. हवाईसुंदरीने ती बघितली आणि काही न बोलता दुसरी आणून दिली, डोक्यासाठी. भली मुलगी.

आणि मांडी! आमच्या घरात आराम म्हणजे मांडी. पोट भरलं, काम संपलं, की माणूस पाय वर घेतो. बाकीचं सगळं बसणं हे ऑफिसातलं बसणं. साध्या इकॉनॉमीत शेजारची सीट रिकामी मिळाली तर मधला हात वर करून मांडी घालता येते. मी एकदा घातली आहे, जयपूरच्या विमानात, कुणी बघत नसताना. इथे अठरा-एकोणीस इंचांची सीट आणि दोन्हीकडे पक्के हात. एक पाय वर घेतला, दुसरा राहिला. तिरकं होऊन पाहिलं. नवरा म्हणाला, "काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, रक्त फिरवतेय." त्याला ते पटलं, कारण चार तासांवरच्या प्रवासात बसून बसून पायात गुठळी होण्याची भीती वाढते, हे त्याने निघण्याआधी मला आठ वेळा वाचून दाखवलं होतं. सीट मोठी असली म्हणून गुठळी सोडत नाही, हेसुद्धा. दर दोन तासांनी तो मला पॅसेजमध्ये फेरी मारायला लावत होता, उपवन तलावाला लावतो तसा.

सीट मागे पाडायची तर माझी आणखी पंचाईत. मागच्याला विचारल्याशिवाय मला ते जमत नाही. वळून विचारलं. कानात यंत्रं घातलेला तरुण मुलगा, त्याने एक कान मोकळा केला, मी परत विचारलं, "जरा मागे घेऊ का?" त्याला बहुतेक आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. "घ्या ना आंटी, पूर्ण घ्या," म्हणाला. मी चार बोटं घेतली.

दिवे मालवल्यावर झोप लागली. मध्येच कधीतरी जाग आली, कुठे होतो कुणास ठाऊक, पडद्यावर काळा समुद्र दिसत होता. आणि मी सीटच्या कडेवर होते. पॅसेजच्या बाजूला सरकलेली, कोपर मांडीत, उजवा पाय खाली उतरून पॅसेजमध्ये रोवलेला, कुर्ला येणार असल्यासारखा. माझ्या डावीकडे निम्मी सीट रिकामी होती. ब्लँकेटचा कोपरा तिथे नीट घडी घालून ठेवलेला. तो मीच ठेवला असणार. मी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत बसले. आत सरकले. पहाटे उठले तेव्हा परत कडेवर.

हे ग्रुपवर कसं लिहिणार?

चार वाजता सविता कामाला आली. दिवा स्टेशनहून येते, आठ वर्षं झाली. दारातच थांबली. एक खुर्ची पुढे, एक मागे, पुढचा घोरतोय, मागची गळ्यात टेप घालून बसलेली.

"काकू, गाडी कुठं निघाली?"

"लंडनला. येतेस?"

"आत्ताच उतरले की गाडीतून. पाय ठेवायला जागा नव्हती." ती हसली, चहा टाकला, माझा माझ्या हातात दिला, आणि आपला कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर बसली, चौकटीला पाठ टेकून.

मी म्हटलं, "अगं, खुर्ची ओढून घे की."

"नको काकू. इथंच बरं. पाय लांब करता येतात." आणि तिने केले. पार फ्रीजपर्यंत. मी मनातल्या मनात मोजायला गेले आणि गप्प राहिले. आठ वर्षांत मी हे वाक्य किती वेळा म्हटलं आहे ते आठवत होते. आजचं धरून एकदा.

चहा संपवून तिने कप विसळले, बादली भरली आणि फरशी पुसायला घेतली. टीव्हीखालून, सोफ्याखालून करत खुर्च्यांपाशी आली. नवरा घोरतच होता.

"पाय वर घ्या, काकू."

मी पाय वर घेतले. मांडी घातली. छान बसली.