जमादाराच्या पोराचा तपास : हेरकथा लिहिण्याचा माझा अनुभव

जालन्यात कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर अर्ज, शपथपत्रं, वकीलपत्रं, नकला हेच चालू असतं आणि रात्री शटर अर्धं ओढून मी त्याच कॉम्प्युटरवर कादंबरी लिहायचो, आता झाली पूर्ण. हेरकथा आहे, बाप आपल्या पोराच्या संशयास्पद मरणाचा माग काढतो अशी. ओळखीचे लोक विचारतात की हे सगळं तुला कुठून सुचलं, तपास कसा लिहिला, म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

विषय दुकानातच मिळाला. मयताचे कागद घेऊन आईबाप येतात, जास्त करून खेड्यातले. पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट इंग्रजीत असतो. झेरॉक्स झाली की पैसे काढता काढता हळूच विचारतात, "भाऊ, याच्यात काय लिवलंय?" आणि त्याच्यात पुष्कळदा एवढंच असतं की मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने तपासणीला पाठवले. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? "अजून ठरलं नाही" एवढंच मी सांगतो. मग तो सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबचा रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, कधी येणार, संभाजीनगरच्या लॅबमधून येणार का नांदेडच्या, कोणाला विचारायचं, साहेब भेटत नाहीत, जमादार म्हणतात पुढच्या सोमवारी या, इथून त्यांचं चालू होतं. मला वाटायचं, यातला एखादा बाप असा असला तर, की ज्याचा जन्मच दुसऱ्यांची माहिती काढण्यात गेला?

माझा भाचा ऑडिओ गोष्टी लई ऐकतो. त्याला सांगितलं तर म्हणे, "मामा, मग रॉ चा एजंट घ्या ना, दुबई घ्या, काठमांडू घ्या." त्याला म्हटलं रॉ १९६८ ला निघालीच देशाबाहेरचं बघायला, देशातलं बघायला आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो आहे, ती तर इंग्रजांच्या काळातली, १८८७ ची. मग राज्याचा गुप्तवार्ता विभाग, जिल्ह्याला एसपी ऑफिसात डीएसबी म्हणजे जिल्हा विशेष शाखा, आणि पार खाली पोलीस ठाण्यात एक गोपनीयवाला. गावात कोण मोर्चा काढू राहिला, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणत्या सभेला किती लोक जमले, साध्या कपड्यात जाऊन बघायचं आणि संध्याकाळी वर कळवायचं हे त्याचं काम. हा पण हेरच की! त्याच्याकडे पिस्तूल नसतं, मोटरसायकल असते एवढाच फरक. माझा नायक असा डीएसबीतून रिटायर झालेला हेड कॉन्स्टेबल आहे, त्याला मी नावच दिलं नाही, आपल्याकडे जसं म्हणतात तसं सगळे त्याला जमादारच म्हणतात. भाचा नाराज झाला, पण मी हललो नाही.

ओळखीचे एक काका याच खात्यातून रिटायर झालेत. त्यांच्याकडे रविवारी जाऊन बसायचो. सुरुवातीला ते काही बोलेनात, पाऊसपाणी आणि सोयाबीनचा भाव यावरच गाडी, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी काय विचारतो हे बोलता बोलता तेच काढून घेऊ राहिले. नंतर खुलले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट पूर्ण कादंबरीभर मला पुरली : रिपोर्टात माणूस काय बोलला त्याच्या आधी किती वाजता बोलला ते लिहायचं. वेळ चुकली की बाकीचं कितीही खरं असलं तरी साहेब फेकून देतात.

आता गोष्ट. जमादाराचा पोरगा बिडकीनकडच्या एका कारखान्यात (कारखाना काल्पनिक आहे) ड्रोनच्या पार्टचं डिझाईन करतो आणि एक दिवस पैठणच्या डाव्या कॅनॉलमध्ये त्याची बॉडी सापडते. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. इथं मला माझ्या धंद्याचा फायदा झाला, कारण लोकांना वाटतं पोलिसात नोंद झाली म्हणजे एफआयआर झाला, तसं नसतं. अकस्मात मृत्यूची चौकशी म्हणजे माणूस कशानं मेला एवढंच बघणं, आधी ते सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १९४. (१७४ टाईप करायची बोटाला इतकी सवय की अर्धी कादंबरी मला फाईंड-रिप्लेस मारून दुरुस्त करावी लागली.) कोणी मारलं हे शोधायला गुन्हा दाखल व्हावा लागतो. ठाण्यात घेतला नाही तर एसपीकडे लेखी अर्ज, तिथं नाही झालं तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटपुढे शपथपत्रासहित अर्ज, आणि तिथंही नाही तर हायकोर्टाचं खंडपीठ. जमादार आयुष्यभर एसपी ऑफिसात वावरलेला माणूस, तो पहिल्यांदा त्याच ऑफिसच्या आवक टेबलासमोर उभा राहून अर्जावर शिक्का मागतो, तो चॅप्टर मी एका बैठकीत लिहिला. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही हे मी दुकानात लोकांना रोज सांगतो, तेच त्याच्या तोंडी टाकलं.

सगळ्यात जास्त वेळ कॅनॉलनं खाल्ला. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, जालना, परभणीकडे जातो, आणि ज्याला शेती माहीत आहे त्याला हे सांगायला नको की कॅनॉल बारमाही वाहत नसतो. आवर्तन सुटतं म्हणजे ठरावीक दिवस पाणी सोडतात, पाळी संपली की पाणी बंद, मग जागोजागी डबकी राहतात नुसती. मी एकदा मित्राच्या गाडीवर कॅनॉलच्या कडेनं लांबपर्यंत गेलो, नुसतं बघायला, तर पुलाजवळ एक पाटकरी, म्हणजे कॅनॉलचं पाणी सोडणारा माणूस, भेटला. त्याला विचारलं, पाणी किती दिवस चाललं ते लिहून ठेवता का? तो म्हणे, "लिवावंच लागतंय, उद्या शेतकरी भांडायला आला तं काय दाखवू?" झालं, मला माझा पुरावा सापडला. पंचनाम्यात लिहिलंय की बॉडी वाहत्या पाण्यात आली आणि पाटकऱ्याच्या रजिस्टरप्रमाणे त्या टप्प्यात पाणी आधीच बंद झालेलं. वाहून आलाच नाही तर मग आणला कोणी? शहरात बसून हेरकथा लिहिणाऱ्याला ही गोष्ट सुचली नसती असं मला वाटतं, थोडी शेखी म्हणा हवं तर.

पुढचा धागा डॉक्टरकीचा. माणूस जिवंतपणी बुडाला का मेल्यावर पाण्यात टाकला, याच्यासाठी डायटम टेस्ट असते. डायटम म्हणजे पाण्यातलं डोळ्याला न दिसणारं शेवाळ, त्याला सिलिकाचं कवच असतं. जिवंत माणूस बुडताना पाणी छातीत ओढतो, हृदय चालू असतं म्हणून हे डायटम रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जातात. मेलेल्याच्या फुफ्फुसात पाणी शिरू शकतं पण रक्तच फिरत नाही, तर हाडात कसे जातील? मग लॅबवाले हाडातला मगज नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात, सगळं विरघळतं, कवचं तेवढी राहतात, ती मायक्रोस्कोपखाली बघायची आणि जिथं बॉडी सापडली तिथल्या पाण्याशी ताडून बघायची. माझ्या कादंबरीत हाडात डायटम सापडतात, म्हणजे पोरगा बुडूनच मेला, पण ते कॅनॉलच्या पाण्याशी जुळत नाहीत, एका शेततळ्याशी जुळतात. आता खरं सांगायचं तर हे इतकं सरळ नसतं, या टेस्टवर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, आणि छातीचं हाड पीएमच्या वेळी मुद्दाम काढून ठेवावं लागतं, घटनेच्या जागेच्या पाण्याचा नमुनाही वेळेत घ्यावा लागतो. माझ्या गोष्टीत एक नवीन आलेली डॉक्टरीण हाड राखून ठेवते. ही सवलत मी घेतली, लेखकाला एवढी तरी असू द्या.

मग मोबाईल. वाचकांना वाटतं सीडीआर म्हणजे फोनच्या कॉलचं रेकॉर्ड काढलं की नकाशावर लाल टिपका दिसतो आणि माणूस अमुक घराच्या अमुक खोलीत होता हे कळतं. तसं काही नसतं, कोणता टॉवर आणि त्या टॉवरची कोणती बाजू एवढं कळतं, आणि आपल्या भागात एक टॉवर कितीतरी गावं धरतो. कंपन्यांना हे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं, आधी एकच वर्ष होतं, २०२१ च्या डिसेंबरला वाढवलं, त्यामुळे जमादाराच्या डोक्यावर तारखेची टांगती तलवार ठेवता आली. पण सीडीआर बापाला कोण देणार? तो पोलीस किंवा कोर्टच मागवू शकतं. जमादाराचा जुना चेला म्हणतो, दादा मी काढून देतो, कोणाला कळणार नाही. २०१८ ला ठाणे शहरात असे चोरून सीडीआर विकल्याबद्दल खाजगी डिटेक्टिव्हांना अटक झाली होती ते मला आठवत होतं, म्हणून दुकानावर येणाऱ्या एका वकीलसाहेबांना विचारलं की चोरून आणलेला कागद कोर्टात चालतो का. ते म्हणाले निव्वळ चोरून मिळवला म्हणून पुरावा आपल्याकडे बाद होत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९७२ चा आर. एम. मलकानी केसचा निकाल आहे, पण आणणारा मात्र आत जाऊ शकतो. आता बापानं काय करावं? इथं माझी कादंबरी किती तरी दिवस अडून राहिली. मी त्याला तो कागद घेऊ दिला नाही. चेल्याच्या हातात पाकीट आहे, जमादार बघतोय आणि म्हणतो, "पोरा, उद्या मी आत गेलो तं माझ्या पोराकडून तारखेला कोण जाईल?" भाच्याला हा सीन बिलकुल आवडला नाही, त्याच्या मते हिरोनं घ्यायला पाहिजे होतं.

तोंडावर आपटणार होती ती कादंबरी सांभाळली माझ्या बायकोनं. तिनं अर्धी वाचून विचारलं, "याच्यात पोराची आई फक्त रडती आणि चहा करती, तिला काही माहितीच नव्हतं का पोराचं? पोरं बापाला काही सांगत नसतेत, आईलाच सांगतेत." बरोबर होतं तिचं. मग मी आईच्या फोनमध्ये पोराचे व्हॉट्सॲप व्हॉईस मेसेज टाकले, शेवटच्या आठवड्यातले, ज्यात तो हसत हसत सांगतो की कंपनीत एक साहेब रोज गाडीत सोडतो म्हणतो, ड्रॉईंग बघायला मागतो. आईनं ते कोणाला ऐकवले नाहीत, एकटीच ऐकायची.

आणि इथं जालन्याची केस कामाला आली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५बी चं प्रमाणपत्र पाहिजे का नको यावर सुप्रीम कोर्टाचा जो मोठा निकाल आहे, १४ जुलै २०२० चा, तो आपल्या जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीतून निघालेला आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. २९६ मतांचा फरक होता आणि वाद होता उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का याचा, त्याच्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. परत वेळच बघा! काकांना हे सांगितलं तर ते इतके खूष झाले. तर निकाल असा की कॉपी देत असाल, सीडी, पेनड्राईव्ह, तर प्रमाणपत्र पाहिजेच, पण ज्याचा फोन आहे तो माणूस स्वतः फोन घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात आला आणि हा माझा फोन म्हणून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही. (नवीन साक्ष कायद्यात ते कलम ६३ झालंय आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा), आम्हाला नवा नमुना टाईप करून ठेवावा लागला.) म्हणजे जमादारानं आयुष्यभर दुसऱ्यांची माहिती काढली आणि केस जिच्यावर उभी राहते ती त्याची बायको, जिनं फोन कधी हातातून सोडला नाही. ती पिंजऱ्यात उभी राहते तिथपर्यंत मी लिहिलंय, पुढचं सांगत नाही, वाचा.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग मात्र उपोषणाचा आहे. गुन्हा दाखल होत नाही म्हणून जमादार कलेक्टर ऑफिससमोर मांडी घालून बसतो, पोराचा फोटो, पाण्याची बाटली, वर कापडी मंडप. आणि त्याच्यावर नजर ठेवायला डीएसबीतून त्यानंच शिकवलेला पोरगा येतो, साध्या कपड्यात, समोरच्या टपरीवर. दोघांनाही माहीत आहे. संध्याकाळी तो पोरगा जवळ येऊन वाकतो आणि जमादार विचारतो, काय लिहिलं रे आज. "उपोषणार्थी एक, भेट देणारे अकरा, शांतता." जमादार म्हणतो, "बारा होते. आमदाराचा पीए चार वाजून दहा मिनिटांनी येऊन गेला, तो गाडीतून उतरला नाही म्हणून तू मोजला नाही." पोरगा दुरुस्त करून घेतो. हाच पीए पुढे महत्त्वाचा निघतो, आणि जमादाराला सरकारी कागदावर त्याची वेळ पाहिजे होती, ती त्यानं अशी नोंदवून घेतली.

काकांना पूर्ण प्रिंट वाचायला दिली. त्यांनी पेन्सिलीनं मोजून थोड्याच खुणा केल्या, त्यातली एक अशी की आमचा माणूस सलग दोन दिवस एकाच टपरीवर बसत नसतो, बदला ते. बदललं. आता प्रकाशक म्हणतात पानं जास्त झाली, कॅनॉलचा एक चॅप्टर कमी करा, वाचक कंटाळतात. त्यांना म्हटलं, दुसरीकडं कुठंही कात्री लावा, पाटकऱ्याच्या रजिस्टरला हात लावायचा नाही.