क्रॉसबीची लोखंडी माणसं आणि भरतीचं गणित

लिव्हरपूल सेंट्रलहून साउथपोर्टकडे जाणाऱ्या मर्सीरेलच्या गाडीत बसलं की पंधरा-वीस मिनिटांत वॉटरलू येतं. स्टेशनातून बाहेर पडून साउथ रोडने सरळ क्रॉसबीच्या किनाऱ्याकडे चालत राहायचं. वारा आधी लागतो, समुद्र नंतर दिसतो. मग वाळूवर एक माणूस दिसतो, आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभा. त्याच्यापलीकडे तसाच दुसरा, आणि पार पाण्याच्या रेषेवर काड्यांसारखे आणखी कितीतरी.

शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचं हे काम, नाव ‘अनदर प्लेस’, म्हणजे ‘दुसरी जागा’. ओतीव लोखंडाचे 100 पुतळे, प्रत्येक 189 सेंटिमीटर उंच आणि 650 किलो वजनाचा. गॉर्मलींनी स्वतःच्या उघड्या शरीरावरून घेतलेल्या 17 साच्यांतून ते ओतले आहेत. 1997 मध्ये जर्मनीतल्या कुक्सहाफेनच्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदा उभे राहिले, पुढे नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला आणि बेल्जियममधल्या दे पान्नला. 2005 मध्ये ते इथे आले तेव्हा मुक्काम तात्पुरताच होता. पक्ष्यांच्या खाण्याच्या जागा, लहान होड्यांची वाट, लोकांची सुरक्षितता या मुद्द्यांवर बराच वाद झाला. 2007 मध्ये कायम ठेवायची परवानगी मिळाली आणि काही पुतळे सरकवावे लागले. ते सरकवले हे मला योग्यच वाटतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले किडे टिपून जगणाऱ्या पाणपक्ष्यांचा हक्क शिल्पाच्या आधीचा आहे.

इथे येणाऱ्यांची मुख्य चूक वेळेची होते. दुपारी बारा वाजता ऐन उधाणात पोचणाऱ्याला समोर नुसतं पाणी दिसतं आणि ‘पुतळे कुठेत?’ असा प्रश्न पडतो. म्हणून तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटी बघा. लिव्हरपूलच्या ग्लॅडस्टोन डॉकचं कोष्टक सहज मिळतं आणि तेच इथे वापरायचं. मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमी म्हणजे 8, पाऊणपट सहा. प्रत्येक बंदराची वेळ तिथल्या किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर ठरते, त्यामुळे आपला आडाखा परक्या बंदरात लागू पडावा असं काही नाही. पण लिव्हरपूलला तो बऱ्यापैकी जुळतो. इथेही उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेवढा तास मिळवायचा. हा अंदाज फक्त दिवस निवडण्यापुरता; वाळूवर उतरायचं ते कोष्टक बघूनच.

याचा अर्थ असा, की भर दुपारी ओहोटी हवी असेल तर अष्टमीच्या आगेमागे यावं लागतं. पण भांगात समुद्र फारसा मागे हटत नाही, बाहेरच्या रांगेतले पुतळे पाण्यातच राहतात. पूर्ण पसारा उघडा पडतो तो पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, सकाळी किंवा संध्याकाळी सहा-सातला (उन्हाळ्यातल्या घड्याळाने सात-आठला). माझं मत विचाराल तर जून-जुलैतल्या अशा संध्याकाळी यावं. त्या दिवसांत सूर्य नऊच्या पुढे मावळतो, म्हणजे ओहोटीचा तळही बघायला मिळतो आणि नंतर चढणारं पाणीही. ओहोटीला येऊन फोटो काढून निघून जाणाऱ्याला यातलं अर्धंच दिसतं.

पाणी किती वेगाने चढतं ते आकड्यांत सांगतो. मुंबईत पावसाळ्यात पाच मीटरच्या भरतीची बातमी होते. इथे उधाणाची भरती 9 मीटरच्या वर जाते, वर्षातल्या मोठ्या भरत्या 10 मीटरला टेकतात. उधाणाच्या दिवशी ओहोटी ते भरती सरासरी साडेआठ मीटरचा फरक पडतो. हे पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती, तासाला दोन मीटरपेक्षा थोडी जास्त. मधल्या पट्ट्यातला 189 सेंटिमीटरचा माणूस घोट्यापासून टाळूपर्यंत तासाभराच्या आत बुडतो. भांगात त्यालाच पावणेदोन तास लागतात.

एक पुतळा निवडून तेवढा वेळ त्याच्याकडे बघत राहावं. पाणी आधी पायापाशी साचतं, कारण येणारी-जाणारी लाट पुतळ्याला वळसा घालताना वाळू कोरून नेते आणि तिथे कायमचा खळगा झालेला असतो. गुडघ्यापर्यंत येतं तेव्हा तो नुसता उभा असलेला वाटतो. कमरेपर्यंत आलं की चालत निघाल्यासारखा. छातीला पाणी लागलं की आपलाच श्वास अडकतो, आणि शेवटी डोकं उरतं ते एखाद्या बोयासारखं. पुतळा जागचा हललेला नसतो. त्याची मुद्रा पाणी बदलत असतं.

आता जवळून. वरच्या पट्ट्यातल्या पुतळ्याच्या खांद्यावर हात फिरवला तर हाताला तांबडी पूड लागते. खारं पाणी आणि हवा आलटून पालटून मिळाली की लोखंड झपाट्याने गंजतं. पापुद्रे सुटतात आणि नाकाडोळ्यांची ठेवण पुसट होत जाते. अंगावर जागोजागी आखूड गोल ठोंब दिसतात. ओतकामात साच्यात रस जाण्यासाठी वाटा ठेवतात, त्यांच्या या खुणा. एरवी ओतारी त्या घासून सपाट करतो, गॉर्मलींनी तशाच ठेवल्या. 650 किलो कशामुळे? पुतळे भरीव आहेत. माणसाचं शरीर जवळपास पाण्याइतकंच जड, ओतीव लोखंड त्याच्या सातपट. माणसाने व्यापलेली जागा लोखंडाने भरली की हाच आकडा येतो.

खालच्या पट्ट्यातल्या पुतळ्यांच्या पायांवर राखाडी-पांढरी खरबरीत साल चढलेली असते. ते बार्नॅकल, होडीच्या तळाला चिकटतात तसल्या जातीचे प्राणी. यांतला ऑस्ट्रोमिनियस मॉडेस्टस हा मूळचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांबरोबर तो ब्रिटनला पोचला असं मानतात. हा किनारा सगळा वाळूचा आणि चिखलाचा. बार्नॅकलला चिकटायला कडक पृष्ठभाग लागतो, तो या पुतळ्यांनी दिला. प्राणी जितका वेळ पाण्याखाली तितकं त्याला खाणं जास्त, म्हणून पुतळा जितका खाली तितकी साल जाड आणि अंगावर उंच चढलेली. दुरून तिची रेषा बघूनही कुठला पुतळा किती वेळ बुडतो याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या लोकांना जवळचा वाटेल असा एक धागा इथे आहे. गॉर्मली 1971 ते 1974 या काळात भारत आणि श्रीलंकेत होते आणि सत्यनारायण गोएंका यांच्याकडे विपश्यना शिकले. इगतपुरीचं धम्मगिरी त्यानंतरचं, 1976 चं. पुतळ्यांच्या छात्या नीट बघा. कुणाची श्वास भरून फुगलेली, कुणाची सैल सोडलेली. आत येणारा-जाणारा श्वास आणि समोर येणारं-जाणारं पाणी, या दोन्हींकडे काहीही न करता बघत उभं राहणं, हे या कामाचं मर्म आहे असं मला वाटतं. गॉर्मलींनी स्वतः याचा संबंध देश सोडून जाणाऱ्यांशी जोडला आहे: निघण्याचं दुःख आणि पलीकडची आशा. लिव्हरपूलमधून लाखो लोक अमेरिकेला गेले, ते याच पाण्यावरून. आज पुतळ्यांच्या नजरेसमोर मालवाहू जहाजं आणि समुद्रातल्या बर्बो बँक या वाळूच्या उंचवट्यावरच्या पवनचक्क्या आहेत, डावीकडे सीफोर्थ बंदराच्या क्रेन. म्हणजे ते ज्या समुद्राकडे बघतात तो कामाचा समुद्र आहे, आणि म्हणूनच ही जागा त्यांना शोभते.

धोक्याचं मात्र गांभीर्याने घ्या. किनाऱ्यावर फलक आहेत: दूरच्या पुतळ्यांपर्यंत कधीही चालत जाऊ नका. कारणं दोन. एक म्हणजे चिखल. वरून घट्ट दिसणाऱ्या वाळूखाली मऊ गाळ असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओढून काढायला गेलं की दुसरा रुततो. दुसरं, वाळूचे लांबट उंचवटे आणि त्यांच्यामधले सखल पट्टे. भरती आधी त्या सखल भागांत शिरते, त्यामुळे समोरचं पाणी लांब दिसत असतानाच पाठीमागची वाट बंद होते. पादचारी धक्क्याजवळचे पुतळे हाताला लागतात, तेवढ्यांवर समाधान मानायचं. बाकीच्यांसाठी दुर्बीण घ्या. कोणी अडकलेलं दिसलं तर स्वतः धावू नका, 999 लावून कोस्टगार्ड मागा.

गमबूट आणि वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही लागतं. पश्चिमेचा वारा कोरडी वाळू घोट्याच्या उंचीवरून उडवत आणतो, म्हणून कॅमेरा खाली ठेवायचा नाही आणि लेन्स तिथे बदलायची नाही. पुतळ्यांना टोप्या, मफलर, फुटबॉलचे टी-शर्ट घालायची हौस लोकांना आहे. ते कापड पुढच्या भरतीला समुद्रात जातं. घातलेलं दिसलं तर काढून कचरापेटीत टाका.

परतताना त्याच वाटेने वॉटरलूला जाण्यापेक्षा किनाऱ्याने उत्तरेकडे चालत राहा आणि हॉल रोड स्टेशनवरून गाडी पकडा. त्याआधी थोडं पुढे जाऊन वाळूवरचा तो विटांचा ढीग बघा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या लिव्हरपूल परिसरातल्या इमारतींचा राडारोडा इथे आणून टाकला, किनाऱ्याची धूप थांबावी म्हणून. कोरीव दगड, खांबांचे तुकडे आणि विटा. समुद्राने त्या घासून साबणाच्या वडीसारख्या गोल केल्या आहेत.