नकाशात उजेड आधीच घातलेला होता

मे महिना, नागपूरचं ऊन, आणि माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट नेमका तेव्हाच अडला. विषय आबेल 2744 हा दीर्घिकांचा समूह. त्यात दिसणारं द्रव्य आणि डार्क मॅटर (स्वतः न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारं द्रव्य) एकाच जागी आहेत का, हे बघायचं.

सामग्री फुकट मिळते. हबलच्या फ्रंटिअर फील्ड्स मोहिमेत अशा 6 समूहांचे फोटो काढले, आणि वेगवेगळ्या गटांनी केलेले त्यांच्या वस्तुमानाचे नकाशेही खुले आहेत. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो, एकाच दीर्घिकेच्या दोन-तीन प्रतिमा दिसतात. त्यावरून भार कुठे किती, ते काढतात.

दोनदा लाइन गेली, डाउनलोड अर्ध्यात तुटलं. शेवटी एक नकाशा मिळाला. डीएस-नाइन या खगोलचित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये हबलच्या फोटोवर त्याच्या समोच्च रेषा, म्हणजे सारखा भार जोडणाऱ्या रेषा, टाकल्या. मोठ्या दीर्घिकेभोवती मोठं कडं, बारक्या दीर्घिकेभोवती बारकं. सगळं बरोब्बर बसलेलं! मी इतकी खूश झाले की कूलरमध्ये पाणी भरायचं राहून गेलं.

मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, यात दीर्घिका आधीच घातल्यात ना?"

नकाशासोबतची टिपणं मी वाचलीच नव्हती. त्या गटाने प्रत्येक दीर्घिकेला तिच्या तेजाच्या हिशोबाने डार्क मॅटरचा गोळा दिला होता. मग कडी जुळणारच की! जे तपासायचं होतं, तेच मी गृहीत धरून बसले होते.

पुन्हा सुरुवात. या वेळी फक्त प्रतिमांच्या जागांवरून केलेला, दीर्घिकांचा उजेड अजिबात न वापरलेला नकाशा घेतला. बारकी कडी गेली, रेषा मऊ झाल्या. पण मुख्य भार मधल्या तेजस्वी दीर्घिकांभोवतीच राहिला. हे जुळणं मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटलं.

मग मॅडमनी गॅसची आठवण करून दिली. समूहातलं दिसणारं द्रव्य बहुतेक ताऱ्यांत नसतंच, ते कोट्यवधी अंश तापलेल्या गॅसमध्ये असतं आणि क्ष-किरणांत दिसतं. बुलेट क्लस्टर या एकमेकांवर आदळलेल्या दोन समूहांमध्ये टकरीनंतर हा गॅस मागे अडकला, दीर्घिका आणि डार्क मॅटर पुढे निघून गेले. 2006 साली ते मोजलं गेलं. आमच्या समूहाचा गॅस बघायला चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचा फोटो हबलच्या फोटोवर लावताना मी पिक्सेलला पिक्सेल जुळवला, तिथे एक दिवस वाया गेला. चंद्राचा पिक्सेल जवळपास अर्ध्या आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), हबलचा त्याहून कितीतरी बारीक. आकाशातल्या निर्देशांकांवर जुळवल्यावरच चित्र बसलं.

रिपोर्टमध्ये दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी लावले, आणि प्रतिमा जिथे सापडल्या तिथे लाल ठिपके दिले. ठिपके नाहीत तिथे नकाशाला प्रतिमांचा थेट आधार नाही, म्हणून त्या भागातल्या रेषा तुटक काढल्या.