सहावा आठवडा: ग्रुपिंग 43 वरून 19 मिलिमीटरवर

तूर निघाली, वावरातलं शेड रिकामं झालं, लगेच एअर रायफलची दहा मीटरची रेंज पुन्हा मांडली. फेब्रुवारीच आहे, तरी वणीकडचं ऊन असं की दहानंतर टिनाखाली थांबवत नाही. रोज सकाळी चाळीस छर्रे, बस. पाच छर्र्यांची भोकं कागदावर किती मिलिमीटरात पडतात, ते ग्रुपिंग.

रायफल तीच, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली, बोअर (नळीचं भोक) .177 इंच म्हणजे 4.5 मिलिमीटर. छर्रा चपट्या तोंडाचा, 0.53 ग्रॅम, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. वेग 200 मीटर प्रतिसेकंद धरला तर जोर 10.6 जूल. या बोअरला 20 जूलच्या आत परवाना लागत नाही, म्हणून तर हा नाद परवडला.

दोन आठवडे छर्रे कधी वर, कधी उजवीकडे. नेम धरायची साइट फिरवून फिरवून वैतागलो. शेवटी पाहतो तर कुंद्याचे (दस्त्याचे) पुढचे दोन्ही स्क्रू बोटानं फिरताहेत! स्प्रिंगच्या झटक्यांनी ढिले होतात. आवळले, तर पाच छर्र्यांचा ग्रुप 43 वरून 28 वर. पुढचं हातावर होतं. ही बंदूक छर्रा नळीत असतानाच हलते: आतला हवा दाबणारा पिस्टन सुटताना मागे, आदळताना पुढे. मुठीत आवळली की दर वेळी उडी वेगळी. आता थापलेली भाकर तव्यावर न्यावी तशी उघड्या तळहातावर नुसती ठेवतो. काल 19. (स्पर्धेच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा हुरळून जायला नको.)

शेजारचे काका धुऱ्यावरून आले. "काय बा, धडाधड नाही सुटत का याच्यातून गोया?"

त्यांना रुगर 10/22 या रायफलबद्दल सांगितलं. 1964 पासूनची .22 ची सेमी-ऑटोमॅटिक, दहा काडतुसांचं फिरतं मॅगझिन. बार झाला की रिकामं काडतूसच बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला) मागे रेटतं, बाहेर पडतं. स्प्रिंग बोल्ट पुढे आणते, येताना तो नवं काडतूस भरतो. घोडा मात्र दर गोळीला ओढावाच लागतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तीही चालत नाही, तिथं एकेक गोळी हातानंच भरायची.

"मंग तुहीच बरी," म्हणत त्यांनी बंदूक घेतली. गॉगल आधी चढवला त्यांना. पूर्वी कागदामागे टिन लावलं होतं तेव्हा चपटा झालेला छर्रा उलटून माझ्या गालाला लागला होता. आता मातीची पोती आहेत. काकांनी कुदळीसारखी आवळून पाच मारले. तीन कागदावर, दोन पोत्यात.

"स्क्रू ढिले अशीन," काका म्हणाले.