गळकं हृदय

कळव्याच्या मटणवाल्याला मी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, दिल पाहिजे, पण सुरी लावायची नाही आणि वरची नळी दोन बोटं तरी ठेवायची. त्याने संशयानेच पाहिलं माझ्याकडे. (दुकानात कलेजी म्हणजे यकृत, दिल म्हणजे हृदय. कवितेतलं काळीज या दोघांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं.)

ठाण्यात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. आमच्याकडच्या प्लास्टिकच्या हृदयाच्या झडपा कधीच हरवल्यात. बकऱ्याचं हृदय लहान, पण कप्पे चार आणि मांडणी आपल्यासारखीच.

ट्रेमध्ये ठेवल्यावर दोघी-तिघी खिडकीकडे सरकल्या. शहापूरकडची एक मुलगी मात्र बाह्या सारून पुढे आली. गुठळ्या धुतल्या, महाधमनीचं, म्हणजे त्या वरच्या नळीचं, तोंड वर धरलं आणि सिरिंजने पाणी सोडलं. तिच्या झडपेच्या अर्धचंद्राकृती तीन पाकळ्या मिटायला हव्यात आणि पाणी वरच थांबायला हवं. थांबलं. मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिलं, तोवर पातळी हळूहळू उतरायला लागली.

"सुरी लागलीच वाटतं त्याची. झडप फाटलीय," मी वैतागून म्हटलं.

"नाही मॅडम, आत नाही जात. हे बघा, बाहेरून गळतंय."

खरंच. वरच्या चरबीत एक बारीक काप होता, तिथून थेंब थेंब पडत होतं. झडप शाबूत होती. पाणी चाललं होतं हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत. त्यांची तोंडं झडपेच्या अगदी वरच असतात. पाकळ्या मिटलेल्या असताना, म्हणजे हृदय सैल पडतं तेव्हा, डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं.

"म्हणजे आईसारखंच, सगळ्यांचं झाल्यावर जेवतं," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हळवा झाला. उपमा गोड, पण चुकीची. महाधमनीच्या पहिल्या दोन फांद्या हृदयाच्याच! दर ठोक्याला साधारण 70 मिली, मिनिटाला 5 लिटर रक्त वाढणारा हा वाढपी आपलं ताट आधी वाढून घेतो. फक्त घास खायला त्याला उसंत लागते. मिनिटाला 72 ठोके असले तर एका ठोक्याच्या 0.8 सेकंदात सुमारे 0.5 सेकंद उसंत. ठोके वाढले की आधी कात्री लागते ती तिलाच. धमन्या अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत का दुखतं, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही.

शहापूरकरीण तोवर खराट्याची काडी घेऊन आली होती. महाधमनी उभी चिरून तिने पाकळीमागे काडी सरकवली, ती हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडातून अलगद आत गेली.

अकरा वर्षं मी ते भोक फळ्यावर खडूने काढतेय. प्रत्यक्ष पाहिलं त्या दिवशी, तिच्या खांद्यावरून वाकून.