ओल्या गाद्या फेकायच्या आधी

बाथरूमच्या भिंतीतला पाइप रात्री कधीतरी फुटला आणि पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला तर थेट पाण्यात. घोटाभर पाणी. अशा वेळी इन्शुरन्स कुणाच्या डोक्यात येतो? मेन व्हॉल्व बंद केला, मुलांना बाहेरच्या खोलीत हलवलं आणि आम्ही दोघं झपाटल्यासारखे आवराआवरीला लागलो. दुपारपर्यंत गाद्या, गालिचा, कपाटाचे फुगलेले खण, सगळं कचऱ्यात गेलं. फोटो काढले होते तीन, त्यातला एक काळोखात काढलेला.

दोन दिवसांनी सर्व्हेअर आले, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस. शांत माणूस, कुठे घाई नाही, भिंतीला मीटर लावून ओल मोजली, फरशी ठोकून बघितली आणि मग विचारलं, गाद्या कुठायत? मी म्हटलं टाकून दिल्या, खराबच झाल्या होत्या. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण जे मी बघितलंच नाही ते रिपोर्टमध्ये कसं लिहू?" मला त्या क्षणी फार राग आला. पण त्यांचं चुकत नव्हतं, कंपनी निर्णय घेते तो रिपोर्टवर, आणि रिपोर्टमध्ये तेवढंच येतं जे दिसलं किंवा कागदावर सापडलं.

यात खरी ओढाताण आहे ती इथे. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काळजी घ्यायची, म्हणजे पाणी तसंच साठू द्यायचं हे चालत नाही, आणि ओल्या वस्तूंवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. पण पुरावाही टिकवायचा. म्हणजे पाणी काढा, पंखे लावा, पण आधी प्रत्येक खोलीचा लांबून एक आणि वस्तूंचा जवळून एक असे फोटो घ्या, मग ओल्या वस्तू गॅलरीत नाहीतर गच्चीवर ठेवून द्या, आणि अगदीच कुजायला लागलं तर कंपनीला मेल करून, फोटो जोडून, विचारून मगच फेकून द्या. फोनवर कुणी "चालेल" म्हणालं तरी त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून मेल टाकायचा, त्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून.

आमचा क्लेम खरा अडकला तो पाइपवर. कपाट सरकवलं तर मागे ओलीचा जुना डाग होता. अचानक पाइप फुटून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत बसतं, पण महिनोन्‌महिने झिरपत राहिलेलं पाणी, गंज, झीज हे सहसा बसत नाही. नवरा हळूच म्हणाला, डागाचं आपण होऊन कशाला सांगायचं. मी सांगितलं. विम्याचा करार परम सद्विश्वासावर, म्हणजे महत्त्वाचं काही न लपवण्यावर, उभा असतो, इंग्लंडमधल्या १७६६ सालच्या कार्टर विरुद्ध बोएम खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे मांडलं आणि दोन्ही बाजूंना लागू म्हणून मांडलं, त्यामुळे मी लपवायचं आणि कंपनीने मात्र खरं वागावं असं मला म्हणता आलं नसतं. डाग खिडकीतून येणाऱ्या पावसाचा होता, पण ते सिद्ध कसं करणार? तर फुटलेला तुकडा प्लंबरच्या पिशवीतच पडून होता! उभी ताजी चीर, गंजाचा मागमूस नाही. तुकडा मागून घेतला, प्लंबरकडून चार ओळी लिहून घेतल्या, सही-तारखेसकट, आणि मामला मिटला.

मग रकमेचं पत्र आलं आणि आकडा बघून मी खालीच बसले. आता थोडं शांतपणे समजून घ्या. एक तर घसारा. दहा वर्षं टिकणारी वस्तू पाच वर्षं वापरलेली असेल तर साधारण अर्धीच किंमत धरली जाते, नव्या वस्तूची किंमत देणारी पॉलिसी घेतली असेल तरच गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे कमी विमा. वस्तूंची खरी किंमत १०० आणि विमा ६० चा, तर ॲव्हरेजची अट (विमा जितका कमी, भरपाईही त्याच प्रमाणात कमी) असलेल्या पॉलिसीत २० चं नुकसान झालं तरी मिळणार १२. हप्ता कमी बसावा म्हणून आम्हीच रक्कम कमी लावली होती. आणि या सगळ्यातून डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपणच सोसायचा ठरलेला वाटा, वजा.

तरीही मी ओळीओळीचा हिशेब मागितला, आणि त्यात बेडरूमचं वायरिंग सुटलेलं निघालं. ते धरून घेतलं. 'फुल अँड फायनल', म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर तेव्हा घाईने सही केली असती तर तीन आठवड्यांनी लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलं ते आमच्याच गळ्यात पडलं असतं. फोटो काढून तेही त्याच क्लेम नंबरखाली कळवलं, सर्व्हेअर पुन्हा येऊन बघून गेले आणि मंजूर झालं.

गाद्या आणि गालिच्याचं काही मिळालं नाही. गेल्या रविवारी मी सगळी कपाटं, खण उघडून घरभर व्हिडिओ काढला, बिलांचे फोटो काढले आणि सगळं बहिणीला मेल करून ठेवलं. विम्याची रक्कमही वाढवून घेतली.