आमची वाटचाल : आधी मीटर, मग बिल

कोल्हापुरात एका ऑटो इलेक्ट्रिकच्या गॅरेजमध्ये मी डायनॅमो आणि सेल्फची कामं शिकलो. मारुती ८०० मध्ये कॅसेटचा टेप बसवायचं काम आलं की वस्ताद ते माझ्याकडे द्यायचे. तिथूनच गोडी लागली. पुढे गाड्यांच्या साउंड सिस्टीमच्या कामासाठी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. भांडवल म्हणजे एक सोल्डरिंग गन, एक काट्याचा मीटर आणि आईने मोडलेली पाटली.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. एका गाडीच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला. बॅटरीपासून मागेपर्यंत जाड वायर ओढली, पण फ्यूज लावला अ‍ॅम्प्लिफायरजवळ. बॉनेटमधून वायर आत घेतली त्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून बसवायची रबरी कडी, तीही घातली नाही. पत्र्याची धार इंजिनच्या थरथरीने वायर कातत राहिली आणि एका संध्याकाळी तांबं बॉडीला टेकलं. डिकीतला फ्यूज शाबूत, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झाला होता! गिऱ्हाईकाने प्रसंगावधान राखून बॅटरीची पट्टी काढली, म्हणून गाडी वाचली. सगळं वायरिंग मी पदरमोड करून बदलून दिलं. तेव्हापासून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आणि प्रत्येक भोकाला ग्रोमेट, याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर पडत नाही. तो जळका वायरचा तुकडा आजही काउंटरच्या खणात आहे. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तोच देतो.

आमचं नाव झालं ते मात्र शिट्टीमुळे. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत जातो, ही तक्रार घेऊन रोज कुणीतरी येतं. आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा असतो, पण बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या जोडाचा निघतो. गडहिंग्लजहून एक स्कॉर्पिओ आली होती. दोनदा अ‍ॅम्प्लिफायर बदलून झाला होता, शिट्टी तशीच. गाणं मोठ्याने लावून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, आलं ०.८ व्होल्ट. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली दाबली होती आणि खाली कंपनीचा रंग तसाच होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोपी) दाबून बसवला. शिट्टी गेली. फक्त मजुरी घेतली. त्या पाहुण्यांनी नंतर त्यांच्या भागातल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे पाठवल्या.

काही बिघाड झाला की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला बंद करून लाल प्रोटेक्ट दिवा लावतो. तो लागला की लोक घाबरतात. आम्ही आधी सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवतो. दिवा गेला तर अ‍ॅम्प्लिफायर बहुधा ठीक असतो, दोष पुढे आहे. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. शून्याजवळ दाखवला तर कॉइल जळाली, काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. स्पीकर चांगले निघाले तर दरवाजाच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप बघायचा. दार उघडझाप होऊन वायर तिथेच सोलपटते.

आता गाड्यांना कंपनीचेच स्क्रीन येतात. त्यांची वायर आम्ही कापत नाही, कपलर (मूळ सॉकेटमध्ये बसणारा तयार जोड) लावूनच जोडतो. खर्च थोडा वाढतो, पण उद्या मूळ सेट परत बसवायचा झाला तर वायरिंग जसंच्या तसं राहतं. नुसतं तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर मात्र आम्ही ठेवतच नाही, कुणी कितीही घासाघीस केली तरी.

गाडी घेऊन याल तेव्हा एवढं आठवून या: आवाज इंजिन बंद असतानाही येतो का, खड्ड्यात आदळल्यावर जातो का, व्हॉल्यूम कमी केल्यावर कमी होतो का. एवढं नीट सांगितलंत की आमचं निम्मं काम तिथेच झालं.